कोणतं वडगाव?

पुणे जिल्ह्यात नुसतं ‘वडगाव’ म्हणून भागत नाही. मावळातलं वडगाव आहे, शहराने सामावून घेतलेली वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक आहेत, बारामतीकडे वडगाव निंबाळकर आहे, जुन्नरात वडगाव कांदळी आहे. कोल्हापूरकडे गेलात तर पेठ वडगाव. म्हणूनच शिरूर तालुक्याच्या दक्षिण कडेला, भीमेच्या काठावर वसलेल्या गावाला लोक देवीचं नाव जोडून ओळखतात : वडगाव रासाई. नदी ओलांडली की दौंड तालुका. या सगळ्या पट्ट्यातच जोडनावांची रीत आहे. शेजारचं गाव मांडवगण फराटा, कारण नुसतं मांडवगण श्रीगोंद्यातही आहे. रांजणगाव गणपती आणि रांजणगाव सांडस ही दोन्ही शिरूर तालुक्यातलीच. तळेगावपुढे ढमढेरे लावलं नाही तर पाहुणा तळेगाव दाभाड्याला जाऊन उतरेल. खुद्द शिरूरला जुनी माणसं घोडनदी म्हणतात, आणि ते बरंच आहे. बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातुरात शिरूर अनंतपाळ आहे. नदीपलीकडच्या केडगावचा जोडीदार अहिल्यानगर शहराला लागून आहे.

एका शब्दाने नेमकं ठिकाण सापडत नसेल तर त्याला दुसरा शब्द जोडायचा, हे शहाणपण गावांच्या नावांत केव्हापासून मुरलेलं आहे. आज संगणकावर बसून जे ‘कीवर्ड रिसर्च’, म्हणजे लोक शोधताना कोणते शब्द वापरतात ते हुडकणं, शिकवलं जातं, त्याची सुरुवात इथेच होते. ‘गूळ’ या एका शब्दावर लाखो पानं भांडत असतात. ‘वडगाव रासाई गुऱ्हाळ’ म्हटलं की भांडायला जवळपास कोणी उरत नाही. विचारणारेही अर्थात थोडे असतात, पण जो विचारतो त्याला नेमकं काय हवं ते ठाऊक असतं. अशा लांब, नेमक्या, कमी वेळा विचारल्या जाणाऱ्या शोधांना या धंद्यात ‘लाँग टेल’ म्हणतात. ख्रिस अँडरसन यांच्या ‘वायर्ड’ मासिकातल्या ऑक्टोबर २००४ च्या लेखाने ही संज्ञा रूढ केली. त्यांचं म्हणणं दुकानांबद्दलचं होतं : थोड्या खपाच्या असंख्य वस्तू एकत्र केल्या तर त्यांचा खप मोजक्या लोकप्रिय वस्तूंच्या तोडीचा होतो. शोधशब्दांनाही ते तंतोतंत लागू पडलं.

त्याहून जुना आणि मला जास्त मोलाचा वाटणारा विचार केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांचा. १९७२ मध्ये त्यांनी मांडलं की एखादा शब्द जितक्या कमी दस्तऐवजांत आढळतो, तितकं तो शब्द जुळण्याला वजन जास्त द्यावं. ‘ऊस’ सगळीकडे आहे. ‘रासाई’ मोजक्या ठिकाणी आहे. आजची शोधयंत्रं या सूत्राच्या कितीतरी पुढे गेली आहेत, तरी पायातला दगड तोच आहे. छोट्या गावातून लिहिणाऱ्याने आपल्या गावाचं नाव, पिकाच्या वाणाचं नाव, नदीचं नाव लपवू नये, ती पानावर ठळक असावीत, याचं कारण यात आहे.

आता एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत धरून ठेवू. भीमाकाठचा हा पट्टा उसाचा. पलीकडे दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची दाटी. समजा इकडच्या एखाद्या घरातल्या मुलीने किंवा मुलाने ठरवलं की घरच्या उसाचा गूळ आणि काकवी थेट पुण्यातल्या गिऱ्हाइकाला विकायची; त्यासाठी एक साधं संकेतस्थळ करायचं, आणि सोबत ऊसशेतीवर चार शब्दही लिहायचे. पैसा जाहिरातीत घालायचा नाही, लोकांनी शोधावं आणि पान समोर यावं. यालाच एसईओ म्हणतात. मग कोणीतरी सांगतं, आधी कीवर्ड शोध. ती व्यक्ती एखादं साधन उघडते आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

कारण विचारणारी माणसं दोन जातीची आहेत आणि दोघांचे शब्द वेगळे आहेत. कोथरूडच्या सोसायटीतली गृहिणी गूळ मागवताना बहुधा इंग्रजी अक्षरांत ‘ऑरगॅनिक जॅगरी’ टाइप करते. मराठीत लिहिलंच तर ‘सेंद्रिय गूळ’, ‘केमिकल फ्री गूळ’, ‘गुळाची पावडर’. तिला काहिल, चुलवाण, गुळव्या हे शब्द नकोत. ढेप किती किलोची, रंग काळपट का, मुंग्या लागतात का, घरपोच मिळेल का, हे हवं. याउलट मांडवगणचा ऊस उत्पादक देवनागरीत लिहितो किंवा मोबाइलवर बोलूनच विचारतो : तोड कधी मिळणार, यंदा पहिली उचल किती, हुमणीला काय टाकायचं, २६५ ला खताचा डोस किती. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आवाजावरून टाइप करण्याची सोय मराठीसह आठ भारतीय भाषांत आणली, तेव्हापासून ज्याला टाइप करायचा कंटाळा त्यालाही पूर्ण वाक्यात विचारता येऊ लागलं. एकाच पानावर या दोघांना बसवायचा प्रयत्न केला की पान कोणाचंच राहत नाही. म्हणून कुठलंही साधन उघडण्याआधी वहीत दोन पानं करा. एकावर गिऱ्हाईक, दुसऱ्यावर शेतकरी. दोघे तोंडाने जे शब्द वापरतात तेच शब्द लिहा. सुधारू नका.

या न सुधारण्यावर माझा फार भर आहे. वाणाचंच पाहा. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ चं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने दिलेल्या वाणाचं शास्त्रीय नाव कोएम ०२६५, प्रसारित नाव फुले २६५, आणि शेतकऱ्याच्या तोंडी नुसतं ‘दोनशे पासष्ट’. कोइमतूरच्या संस्थेचा को ८६०३२ महाराष्ट्रात ‘नीरा’ या नावाने शिफारस झाला, पण बांधावर त्याला ‘शहाऐंशी बत्तीस’ असंच म्हणतात. कृषी पुस्तिका लिहिणारा पहिलं नाव लिहितो, शोधणारा शेवटचं टाकतो. दोघांची गाठ पडत नाही आणि चांगली माहिती अंधारात राहते. उपाय अगदी सोपा आहे. पहिल्याच परिच्छेदात एकदा तिन्ही नावं सांगून टाकायची आणि पुढे लोकांचं नाव चालवायचं. वाचकालाही मदत होते, यंत्रालाही.

लोकांच्या तोंडची भाषा शोधून तीच छापायची, हे काम याच परिसरात शंभर वर्षांपूर्वी मोठ्या जिद्दीने झालेलं आहे. नदीपलीकडच्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई संस्कृतच्या पंडिता. जड मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. पण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणताना त्यांनी खेड्यातल्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशा सोप्या शब्दांचा आग्रह धरला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये तो अनुवाद प्रकाशित झाला. समोरची बाई हा शब्द उच्चारते का, ही कसोटी लावायला त्यांना कोणतंही साधन लागलं नाही. समोर ती बाई होती.

साधनं लागतात ती पुढच्या टप्प्याला. समोर नसलेला, पुण्यात, मुंबईत किंवा नाशकात बसलेला माणूस काय शब्द वापरतो ते कळायला. त्यांपैकी सर्वांत जवळचं साधन म्हणजे शोधाची चौकट स्वतः. २००४ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेली आणि २००८ पासून गूगलच्या मुख्य पानावर आलेली ती सूचनांची यादी, जी आपण अर्धा शब्द लिहिताच खाली उघडते, ती इतरांच्या खऱ्या शोधांवर उभी असते. आधी खाजगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा रंग त्यावर कमी चढेल. मग ‘गूळ’ लिहून एक जागा सोडा आणि एकेक अक्षर घाला : क, ख, ग, घ. प्रत्येक अक्षराला यादी बदलते. ‘गुळाचे’, ‘गुळाचा’, ‘गूळ की साखर’ अशी सुरुवातही करून पाहा. जे दिसेल ते वहीत उतरवा. निकालांच्या मध्ये ‘लोक हेही विचारतात’ असा डबा येतो, पानाच्या तळाशी संबंधित शोध येतात, तेही घ्या. एक संपूर्ण दुपार या कामाला द्यावी. बहुतेक नवशिके इथे पाच मिनिटं थांबतात आणि पैसे मागणाऱ्या साधनाकडे धावतात, हे मला फार चुकीचं वाटतं.

दुसरं फुकट साधन गूगल ट्रेंड्स. हे २००६ मध्ये आलं. यातला आकडा वाचताना जपावं लागतं. ० ते १०० ही पट्टी शोधांची संख्या सांगत नाही. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांमधला वाटा जिथे सर्वांत जास्त होता त्या बिंदूला १०० मानतात आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात मांडतात. म्हणजे ‘काकवी’ १०० वर आणि ‘साखर’ही १०० वर दिसू शकते, वेगवेगळं पाहिलं तर. तुलना करायची तर दोन्ही शब्द एकाच आलेखात घालावे लागतात. प्रदेश ‘भारत’ असतो तो बदलून ‘महाराष्ट्र’ करा, नाहीतर हिंदीचा लोंढा मराठीला गिळतो. काळ पाच वर्षांचा घ्या. मग ट्रेंड्सचा खरा उपयोग दिसतो, तो ऋतूंचा. तिळगुळाची चौकशी दर जानेवारीत उसळते हे आपल्याला माहीतच आहे. पण ती डिसेंबरच्या कोणत्या आठवड्यात चढू लागते हे आलेख सांगतो, आणि पान त्याच्या महिनाभर आधी तयार हवं. उसाचंही तसंच. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची. बेणेप्रक्रियेवरचा लेख मार्चमध्ये टाकून काय उपयोग?

लहान शब्दाला ट्रेंड्स ‘पुरेशी माहिती नाही’ म्हणून हात वर करतं. गावपातळीवरच्या बहुतेक शब्दांचं असंच होतं. ते वाचून खचू नये.

तिसरं, गूगलचंच कीवर्ड प्लॅनर. २०१३ मध्ये जुन्या कीवर्ड टूलच्या जागी आलेलं हे साधन मुळात जाहिरातदारांसाठी आहे, आणि ही गोष्ट क्षणभरही विसरू नये. ते वापरायला गूगल ॲड्सचं खातं लागतं. खातं उघडताना ते तुम्हाला जाहिरात तयार करायला लावतं, कार्डाचा तपशील मागतं. घाईत ‘पुढे’ ‘पुढे’ दाबत गेलात आणि जाहिरात सुरू राहिली तर पैसे कापले जातात. आत गेल्यावर आधी ठिकाण आणि भाषा नीट निवडा. मग शब्द द्या. ते महिन्याकाठी सरासरी किती शोध होतात ते सांगतं, पण २०१६ पासून, जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला नेमका आकडा मिळत नाही. १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे ढोबळ टप्पे दिसतात. १२० आणि ९०० एकाच टप्प्यात बसतात. शिवाय जवळजवळचे शब्द ते पुष्कळदा एकत्र गुंडाळून एकच आकडा दाखवतं.

त्या तक्त्यात ‘स्पर्धा’ नावाचा एक रकाना आहे : कमी, मध्यम, जास्त. नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत हा रकाना करतो. तो सांगतो की या शब्दावर जाहिरात देणारे किती आहेत. फुकटच्या निकालांत वर येणं किती अवघड आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. ‘सातबारा कसा काढायचा’ या शोधावर जाहिरात देणारा कोणी नसेल, म्हणून स्पर्धा ‘कमी’ दिसेल. पण तिथे तुमच्यासमोर सरकारी महाभूलेख आणि सगळी मोठी वृत्तपत्रं उभी आहेत. खरी स्पर्धा पाहायची असेल तर तो शब्द स्वतः शोधा आणि पहिली दहा पानं उघडून वाचा. सगळी दहा वाचा. त्यांत एखाद्यानेही प्रश्नाचं पूर्ण उत्तर दिलं नसेल, तर तुमची जागा मोकळी आहे. उत्तर देणारा गाव, जिल्हा, जमीन ओळखत नसेल, तरीही जागा मोकळी आहे. हे कोणतंही साधन मोजत नाही.

पैसे घेणारी साधनं म्हणजे सेमरश, एचरेफ्स, उबरसजेस्ट वगैरे. पहिल्या दोघांची नेहमीची वर्गणी महिन्याला शंभर डॉलरच्या वर जाते. ती वाईट नाहीत. मोठ्या कंपन्यांचं काम त्यांवर चालतं. त्यांत ‘कीवर्ड डिफिकल्टी’ नावाचा आकडा असतो, आणि एचरेफ्समध्ये तो मुख्यतः पहिल्या दहा पानांना बाहेरून किती संकेतस्थळांचे दुवे आहेत यावर ठरतो. पण त्यांचे शोधसंख्येचे आकडे हे अंदाज असतात आणि अंदाजाची मदार उपलब्ध नोंदींवर असते. इंग्रजीत नोंदी डोंगराएवढ्या, मराठीत विरळ. गुळाच्या दोनशे ढेपा विकून जी कमाई होणार तिच्यातला एवढा वाटा अशा अंदाजावर घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीत नोंदी विरळ का पडतात, याची कारणं आपल्या लिहिण्यातही आहेत. ‘गुऱ्हाळ’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र, जो पापणीसारखा दिसतो, तो संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो : कोणी ‘ऱ’ ला हलंत देऊन लिहितो, कोणी साध्या ‘र’ ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राच्या नोंदीत ते वेगळे असतात. तिसरा रफार देऊन मोकळा होतो. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दाचंही असंच. ‘ॲप’ मधला स्वर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला, त्याआधीची आणि नंतरचीही पुष्कळ माणसं ‘अ’ वर चंद्र काढून तो लिहीत राहिली. मग ऱ्हस्व-दीर्घ आहेतच : गूळ आणि गुळ, शिरूर आणि शिरुर. त्यात विभक्ती. ऊस, उसाला, उसाचा, आणि ‘ऊसाचा’ असं लिहिणारेही कमी नाहीत. आकडे देवनागरीत आणि इंग्रजीत. वर रोमन लिपी. तिथे ‘गूळ’ तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो आणि त्यातला एक तर हिंदी-उर्दूतल्या फुलाशी जाऊन मिळतो. इंग्रजीत एका शब्दामागे जी संख्या एका ओळीत दिसते, ती मराठीत दहा-पंधरा ओळींत विखुरते आणि प्रत्येक ओळ शून्याच्या जवळ दिसते.

याचं सर्वांना आठवेल असं उदाहरण २०२४ सालचं. जूनच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपयांची. योजनेच्या नावात बहीण दीर्घ. लिहिणाऱ्यांत ‘बहिण’ सर्रास. रोमन लिपीत बहुतेकांनी ‘लाडकी’ लिहिताना मधला ‘ए’ गाळला. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात तो आहे. खऱ्या पत्त्याऐवजी माणूस भलत्याच पानावर पोहोचायला अशी एका अक्षराची फट पुरते.

आणि तिथे काय वाढून ठेवलेलं असतं ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. ‘यादी जाहीर, लगेच नाव तपासा’ असा मथळा, खाली आठशे शब्दांचं पाल्हाळ, मध्ये सात जाहिराती, आणि यादी कुठेच नाही. ही पानंही कीवर्ड रिसर्च करूनच लिहिली जातात. साधनात कोणत्या शब्दाला गर्दी आहे ते पाहायचं, तो शब्द मथळ्यात आणि प्रत्येक परिच्छेदात कोंबायचा, आणि माणूस आला की त्याला रिकाम्या हाताने परतवायचं. मला या प्रकाराची चीड आहे. फॉर्म भरायला पोराकडून मोबाइल मागून घेतलेल्या बाईचा वेळ आणि डेटा यात जातो, कधी आधार क्रमांकही जातो. नवशिक्याला शिकवणारे व्हिडिओ याच वाटेने नेतात म्हणून इशारा द्यायला हवा. पानाच्या आत दडवलेली कीवर्डांची यादी आपण क्रम लावताना पाहतच नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. आजही लोक ती भरत बसतात. मार्च २०२४ मध्ये तर, शोधात वर येण्यासाठी ढिगाने पाडलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध त्याने स्वतंत्र नियम केला, मग तो माणसाने पाडलेला असो की यंत्राने. शिक्षा नेहमी होते असं नाही. तरी आपल्या गावाच्या नावाने असलं पान असू नये.

आता मराठी शब्दांपुढे साधनांत दिसणाऱ्या त्या शून्याकडे येतो, कारण या लेखाचं खरं कारण तेच आहे.

गूगल वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याने आधी कधीच पाहिलेले नसतात. साधनं मागच्या महिन्यांची सरासरी दाखवतात. जो प्रश्न कधी विचारलाच गेला नाही तो त्यांत कुठून येणार? शिवाय मराठीत विचारून उत्तर मिळत नाही असा अनुभव आला की माणूस मराठीत विचारणंच सोडतो. मग साधनात शून्य दिसतं, शून्य दिसतं म्हणून कोणी लिहीत नाही, लिहिलेलं नाही म्हणून कोणी विचारत नाही. २०१७ मध्ये केपीएमजी आणि गूगलच्या अहवालाने सांगितलं होतं की २०१६ मध्येच भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी होते आणि इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी. वापरणारे जास्त, त्यांच्यासाठी लिहिलेलं कमी. शून्याचा उगम इथे आहे.

या पट्ट्यातला एक प्रश्न सांगतो. उसाची तोड चालू असताना फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, दौंड या भागात हे आता नवं राहिलेलं नाही, आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. ‘उसात बिबट्याची पिल्ले सापडली तर काय करावे’ एवढं लांब वाक्य कीवर्डच्या साधनात घातलं तर समोर बहुधा रेघच येते. कोणताही एसईओवाला म्हणेल, विषय सोडा. पण ज्या टोळीपुढे पिल्लू आहे तिच्यासाठी त्या क्षणी जगात दुसरा प्रश्न नाही. उत्तरही लांब नाही : पिल्लाला हात लावू नका, तोड थांबवून माणसं मागे घ्या, मादी जवळपास असते, वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा; त्यांची माणसं पिल्लं त्याच जागी ठेवून रात्री मादीने ती नेण्याची वाट पाहतात, आणि गरज पडली तर जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्राची मदत असते. हे एक पान मराठीत, गावांच्या नावांसह, नीट लिहिलेलं असावं. वर्षातून ते दोनदाच उघडलं गेलं तरी त्याचं काम झालं. कीवर्डची किंमत कितीदा विचारलं यावर ठरवायची की विचारणाऱ्याला उत्तराची गरज किती यावर, हा निर्णय साधन घेऊ शकत नाही. तो लिहिणाऱ्याने घ्यायचा असतो.

साधन खरं उपयोगी पडतं ते पान लिहून झाल्यावर, आणि त्याचं नाव गूगल सर्च कन्सोल. ते फुकट आहे. संकेतस्थळ आपलंच आहे हे सिद्ध केलं की ते तुमचं पान कोणत्या शोधांत किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, सरासरी कितव्या स्थानावर होतं हे सांगतं. १६ महिन्यांपर्यंतची नोंद ठेवतं. खाजगीपणासाठी अगदी विरळ शोध ते लपवतं, पण जे दाखवतं ते अंदाज नसतात. माणसांनी लिहिलेले शब्द त्यांच्या चुकांसकट समोर येतात. मराठीत लिहिणाऱ्यासाठी याच्याइतकं खरं दुसरं साधन नाही.

ते वाचायचं कसं? एखाद्या शोधात पान वारंवार दिसतंय पण कोणी उघडत नाही, तर मथळ्यात उत्तराची खूण नाही. पान दुसऱ्या पानावर, बाराव्या-पंधराव्या स्थानी रेंगाळतंय, तर उत्तर अर्धवट आहे. आणि ज्या प्रश्नावर तुम्ही लिहिलंच नव्हतं, त्या प्रश्नासाठी लोक तुमच्या पानावर येत असतील, तर पुढचा लेख कोणता लिहायचा ते लोकांनीच सांगितलं. ‘गुळाची ढेप’ या पानावर ‘काकवी किती दिवस टिकते’ असं विचारत माणसं आली, तर काकवीचं पान लिहा. मी म्हणेन, नवशिक्याने आधी मनापासून दहा पानं लिहावीत, तीन महिने थांबावं आणि मग या नोंदी उघडाव्यात. लिहिण्याआधी महिनोन् महिने शब्द निवडत बसणाऱ्याच्या हाती वाचायला नोंदच नसते.

गूळ विकणाऱ्यासाठी आणखी एक नोंद आहे, गूगल बिझनेस प्रोफाइलची. नकाशावर गुऱ्हाळ नोंदवलं की लोकांनी कोणते शब्द टाकून ते शोधलं हे तिथे दिसतं. गुऱ्हाळावर गाडी थांबवून रस प्यायला येणारं गिऱ्हाईक संकेतस्थळापेक्षा नकाशातूनच येण्याची शक्यता अधिक. ते फुकट आहे. आधी करून टाकावं.

हल्ली एक शंका हमखास येते : शोधाच्या पानावर वरच यंत्र तयार उत्तर देऊ लागलं, मग आपलं पान उघडणार कोण? भारतात ऑगस्ट २०२४ पासून अशी उत्तरं इंग्रजी आणि हिंदीतल्या शोधांना मिळू लागली. ‘गूळ म्हणजे काय’ अशा प्रश्नांची पानं यामुळे ओस पडतील, आणि पडलेली बरी. पण यंत्राला उत्तर कुठून तरी उचलावं लागतं. भीमाकाठच्या काळ्या रानात २६५ खोडव्याला कसा उतरतो, रानभेंडीचा रस घालून मळी कशी काढतात, आपल्या शेजारच्या कारखान्याने पहिली उचल किती दिली, हे ज्याने पाहिलं त्यानेच लिहायला हवं. हे कोणी मराठीत लिहिलं नाही, तर यंत्र कोल्हापूरची किंवा मुझफ्फरनगरची माहिती आपल्या माथी मारेल आणि आपल्या मुलांना तीच खरी वाटेल.

म्हणून वाचकाला विनंती. तुमच्याकडे ज्याचं पक्कं उत्तर आहे असा एक प्रश्न निवडा. साधनात त्यापुढे शून्य असलं तरी चालेल. एफआरपीचाच, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराचाच, घ्यायचा तर सांगा की २०२५-२६ साठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवले, आदल्या हंगामात ते ३४० होते, आणि हातात पडणारी रक्कम तोडणी-वाहतूक वजा होऊन येते. मग तुमच्या टनाचा हिशेब मांडून दाखवा. ‘ऊस दर’, ‘उसाचा भाव’, ‘एफआरपी’ हे तिन्ही शब्द त्यात आपोआप येतील. लिहिल्याची तारीख टाका, आणि पुढच्या वर्षी दर बदलला की तेच पान उघडून दुरुस्त करा.